नाव सिंधूचे, गाणे कोठले?

खानदेशात 'बँड' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम लग्नाची वरात येते. क्लॅरोनेट, ट्रंपेट, ढोल, पुढे नाचणारी पोरे आणि मागून सावकाश चालणारी घोडी, असा तो थाट. ज्या बँडविषयी आज आम्ही लिहीत आहोत तो या जातीचा नव्हे. चारपाच तरुणांनी एकत्र यावे, गिटार, ड्रम व कीबोर्ड यांच्या साथीने स्वतः रचलेली गाणी गावीत, आणि त्या गाण्यांच्या बळावर जगण्याचे धाडस करावे, ही ती दुसरी जात. इंग्लंडमध्ये तिच्यातील एका शाखेला 'इंडी' म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, स्वतंत्रपणे आपले गाणे काढणारी मंडळी. आपल्या महाराष्ट्रात या वाटेने जाण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न मुंबईच्या एका बँडने केला. प्रथम त्याचे नाव 'रॉक मशीन' होते, पुढे 'इंडस क्रीड' झाले. त्याच्या वाटचालीचे मोल काय, हा या लेखाचा विषय आहे.

फैजपुरात बसून या विषयाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदांत आज गिटार हाती न घेतलेला तरुण विरळा. त्यातील काहींना रविवारच्या मिस्सेपुरते वाजवून समाधान होत नाही. त्यांना स्वतःचे काही रचावेसे वाटते. अशा मुलाला आपण काय सांगतो? एक तर 'हे सोड आणि अभ्यासाला लाग' असे सांगतो, नाही तर परदेशी गाण्याची हुबेहूब नक्कल केली म्हणून त्याची पाठ थोपटतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत, हे या बँडच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रथम मोजपट्टी ठरवू. इंग्लंडातील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात १९८२ साली 'द स्मिथ्स' हा बँड उदयास आला. मॉरिसी आणि जॉनी मार हे त्याचे दोन मुख्य शिल्पकार. दोघेही आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांतील. बँडसाठी त्यांनी निवडलेले नाव हे इंग्लंडातले अगदी सामान्य आडनाव. आपल्याकडे कोणी आपल्या संचाला 'पाटील मंडळी' म्हणावे तसे. 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र कंपनीसाठी त्यांनी १९८४ ते १९८७ या काळात चार अल्बम केले आणि ते विभक्त झाले. उणीपुरी पाच वर्षे! तरीही त्यांचे नाव टिकले. का टिकले? त्यांच्या गाण्यांना पत्ता आहे म्हणून. मँचेस्टरच्या शाळांतील मारकुटे मास्तर, तेथील दफनभूमी, पावसाळी रस्ते, बेकार तरुणांचे रिकामे दिवस, हे सारे त्या गाण्यांत आहे. १९८६ च्या अल्बमच्या आतील पानावर ते चौघे सॅलफर्डमधील मुलांच्या एका जुन्या क्लबच्या दारात उभे आहेत. आपण कोठून आलो हे त्यांनी कधी लपविले नाही, आणि म्हणूनच ते जगभर पोहोचले.

आता मुंबईकडे वळू. 'रॉक मशीन'ची स्थापना १९८४ साली झाली. पुढे जो संच नावारूपास आला त्यात गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवर झुबीन बालापोरिया होते. ही नावे एकापुढे एक वाचली तरी मुंबई शहराचा नकाशा उलगडल्यासारखा वाटतो. हिंदू, ख्रिस्ती, पारशी मुले एका तालावर उभी राहिली, ही गोष्टच लहान नव्हे. त्या काळी रॉक वाजवणे म्हणजे परक्यांची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवणे, असा प्रघात होता. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी असलेले रंगभवन हे या पिढीचे माहेरघर. तेथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक महोत्सव भरू लागला. अशा वातावरणात 'आम्ही आमचीच गाणी गाणार' असा हट्ट धरणे म्हणजे श्रोत्यांची नाराजी ओढवून घेणे होते. रॉक मशीनने तो हट्ट धरला. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' हे स्वरचित गीतांचे अल्बम त्यांनी काढले. या धैर्याचे श्रेय त्यांना निःशंकपणे दिले पाहिजे.

परंतु धैर्य आणि कलाकृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला अल्बम आज ऐकताना वादनातील सफाई जाणवते, तिनईकरांच्या गिटारीची झेप जाणवते. जाणवत नाही ती मुंबई. लोकलची गर्दी नाही, गिरण्यांचा संप नाही, चाळ नाही, समुद्र नाही. 'रेनिगेड' म्हणजे बंडखोर. पण हे बंड कोणाविरुद्ध आणि कशासाठी, हे कळत नाही. अमेरिकेतील वा इंग्लंडमधील कोणत्याही शहरात ही गाणी तयार झाली असती, तर त्यात एक अक्षर बदलावे लागले नसते. आमच्या मते हाच त्या पहिल्या पर्वाचा मुख्य दोष आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजीत गायले म्हणून आम्ही दोष देत नाही. मुंबई-गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती घरांत इंग्रजी ही प्रार्थनेची आणि भांडणाचीही भाषा आहे. ती परकी कशी म्हणावी? याचा पुरावा गोव्यातच सापडतो. शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ सालीच, म्हणजे रॉक मशीनच्या जन्मवर्षी, 'गोअन क्रेझी' हा अल्बम स्वतःच्या घरी, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन पोहोचवल्या. 'इंडी' या शब्दाचा याहून चोख अर्थ दुसरा नसेल. त्यांची भाषाही प्रामुख्याने इंग्रजीच. मात्र गाण्याचा विषय गोवा, त्यातील थट्टा गोव्याची, चीड गोव्याची आणि मायाही गोव्याची. भाषा दुरून आली तरी चालते. पण गाण्याने कोणत्या तरी अंगणात उभे राहावे लागते.

उलट बाजूचे उदाहरण तर आपल्या साहित्यात चारशे वर्षांपूर्वीचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात येऊन 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लिहिताना त्यांनी आपल्या देशाचे वृत्त येथे आणले नाही. येथल्या माणसाच्या ओठांवरची ओवी उचलली. सांगायचे ते दुरून आले होते, सांगण्याची रीत येथली होती. रॉक मशीनने नेमके उलट केले. रीत दुरून आणली आणि सांगण्यासाठी घरचे काही घेतले नाही. दोन्हींपैकी एक तरी टोक मातीत रोवलेले हवे, नाहीतर गाणे अधांतरी राहते.

ही उणीव स्वतः त्या कलावंतांनाही जाणवली असावी. १९९३ साली त्यांनी 'रॉक मशीन' हे नाव टाकून 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. 'इंडस' म्हणजे सिंधू. 'क्रीड' म्हणजे काय हे मिस्सेत दर रविवारी विश्वासांगीकार म्हणणाऱ्या वाचकांना सांगायला नको. यंत्राचे नाव जाऊन नदीचे आणि श्रद्धेचे नाव आले, हा बदल सूचक होता. वादनातही भारतीय रंग मिसळण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीला एम टीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली 'इंडस क्रीड' हा अल्बम आला. त्यातील 'ट्रॅप्ड' हे गीत त्या पिढीतील अनेकांच्या अजून स्मरणात आहे. हे पर्व पहिल्यापेक्षा निश्चितच प्रगल्भ आहे. आवाजातील आरडाओरडा कमी झाला, शब्दांना वजन आले, विरामांना जागा मिळाली.

तरीही एक प्रश्न उरतोच. श्रद्धा ही नावात नसते, ती एकेका विधानात असते. आपला विश्वासांगीकार 'मी मानतो' एवढ्यावर थांबत नाही. काय मानतो ते तो सांगतो, आणि एका विशिष्ट काळाचे व एका विशिष्ट अधिकाऱ्याचे नावसुद्धा घेतो. इंडस क्रीडच्या गीतांत नदीचे नाव आले. पण त्या नदीकाठचे गाव, माणूस, प्रसंग क्वचितच आले. भारतीय स्वरांची छटा ही अनेकदा वरून शिंपडलेल्या गुलाबपाण्यासारखी वाटते.

आणि नेमक्या याच टप्प्यावर, १९९७ साली, बँड विसर्जित झाला. बेनेगल आणि जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले व तेथे 'आम्स फॉर शांती' या नावाने मिश्र संगीताचे प्रयोग करू लागले. या विसर्जनाचा दोष केवळ कलावंतांवर टाकणे अन्यायाचे होईल. इंग्लंडमध्ये स्मिथ्ससारख्या बँडभोवती एक परिसर उभा होता. रफ ट्रेडसारख्या छोट्या कंपन्या होत्या, गावोगावी लहान सभागृहे होती, संगीताला वाहिलेली साप्ताहिके होती. बीबीसीवर १९६७ ते २००४ एवढा प्रदीर्घ काळ जॉन पील हे निवेदक अनोळखी बँडांची गाणी आवर्जून ऐकवीत होते. आपल्याकडे गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, हेच समीकरण होते. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा या बँडला खिडकी मिळाली खरी. पण १९९५ साली 'मेड इन इंडिया' आणि 'बोलो ता रा रा' यांनी हिंदी-पंजाबी पॉपची बाजारपेठ दाखवून दिल्यावर वाहिन्यांचा कल तिकडे झुकला. रोप चांगले असले तरी पाटाचे पाणी दुसऱ्याच्या वावरात वळले की ते सुकते, हे केळीच्या बागांत वाढलेल्या आमच्या तालुक्याला निराळे सांगायला नको.

मात्र विलायतेतील सारे सोज्ज्वळ होते असेही नाही. स्मिथ्समध्ये ध्वनिमुद्रणाच्या व कार्यक्रमांच्या उत्पन्नातील चाळीस-चाळीस टक्के मॉरिसी आणि मार घेत, आणि बासवादक अँडी रूर्क व ड्रमवादक माइक जॉइस यांच्या वाट्याला दहा-दहा टक्के येत. जॉइस न्यायालयात गेले. १९९६ साली निकाल लागला की ते समान भागीदार होते आणि त्यांना चौथा हिस्सा मिळालाच पाहिजे. ते चौघे पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. रूर्क २०२३ साली वारले. दुर्बळांची बाजू घेऊन गाणाऱ्यांच्या घरात वाटणीवरून हा कलह माजावा, हे सुन्न करणारे आहे. त्या तुलनेत आमच्या मुंबईकरांचा उत्तरार्ध अधिक शोभून दिसतो. २०१० साली इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने, रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे दोघे नवे. २०१२ साली त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. त्यात टाळ्यांची घाई नाही. प्रौढ माणसाने सावकाश, मोजून बोलावे तशी ती गाणी आहेत, आणि आमच्या मते बँडची ही सर्वांत प्रामाणिक निर्मिती आहे. पहिल्या अल्बममधील बंडखोर कोणाचा होता हे कळत नव्हते. येथला थकलेला, पण न हरलेला माणूस मात्र त्यांचा स्वतःचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचे हे फैजपूर इतिहासात प्रसिद्ध आहे ते डिसेंबर १९३६ मधील काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची नगररचना आणि सजावट करण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि अट घातली की साहित्य येथलेच हवे व हात येथल्या कारागिरांचे हवेत. बांबू, लाकूड यांसारख्या साध्या वस्तूंतून त्या चित्रकाराने नगर उभे केले. त्यांची दृष्टी देशभर फिरलेली होती, सामग्री तेवढी गावची होती. आमच्या मते तरुण गायकाला देण्याजोगा याहून चांगला सल्ला नाही.

आज जळगाव-धुळ्याकडे तरुण मंडळी स्वतःच्या खर्चाने अहिराणी गाणी ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकतात, आणि ती लग्नाच्या वरातीत वाजतात. कोणी त्यांना 'इंडी' म्हणत नाही, पण अर्थाने ती तशीच आहेत. त्यांना पत्ता आहे. बहुतेकांत उणीव आहे ती खोलीची, जी रियाजाने आणि वाचनाने येते. रॉक मशीनपाशी रियाज होता, पत्ता नव्हता. दोन्ही ज्याच्यापाशी असतील त्याची आपण वाट पाहत आहोत.

तो कदाचित आपल्याच गायकवृंदात, मागच्या बाकावर गिटारीच्या तारा जुळवीत बसला असेल. त्याला परदेशी बँड ऐकू द्यावेत. मन लावून ऐकू द्यावेत. फक्त त्याने रचलेले पहिले कच्चे गाणे ऐकायला आपण सभागृहात थांबावे. इंडस क्रीडला जो परिसर लाभला नाही, तो उभारायला मुंबई लागत नाही. एक धर्मग्रामही पुरतो.