प्रश्नाची पायरी

बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली स्मरणापासून मूल्यमापनापर्यंत विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. महाविद्यालयांतील लेखनाचे विषय त्यांनुसार बेतताना पुष्कळदा बदलते ते केवळ क्रियापद. ‘माहिती लिहा’च्या जागी ‘विश्लेषण करा’ येते; उत्तर मात्र वहीतूनच उतरते.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचेच पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युतप्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ही वेधशाळा उभारली गेली. हे वर्गात सांगून झाल्यावर ‘वेधशाळा अलिबागला का, विश्लेषण करा’ असे विचारले, तर तो निव्वळ स्मरणाचा प्रश्न होतो.

त्याऐवजी एवढेच सांगावे, की १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. मग विचारावे: ही दुप्पट मेहनत कशासाठी? दोन्हींतला फरक मोजल्याखेरीज जुन्या नोंदींची मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागेल.

अर्थात हे उत्तरही उद्या गाइडमध्ये छापून येईल आणि प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर उतरेल. म्हणून नवा प्रश्न शोधण्याचा गृहपाठ दरवर्षी आपण शिक्षकांनीच करायचा.