रंग शंभरपैकी नव्वद, वजन शून्य

परवा धुळ्याच्या एका मित्राने पेनड्राइव्हवर एक ॲड-ऑन आणून दिलं. २००० सालच्या ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २’ साठी कुणीतरी हौसेने बनवलेलं बी-२४ लिबरेटर बॉम्बर, तेही भारतीय हवाई दलाच्या रंगात. थीसिसचं एक प्रकरण अडलेलं, बाहेर जळगावचा मे महिना. बसलो उडवायला.

लिबरेटर आपल्याला परकं नाही. युद्ध संपल्यावर कानपूरला मोडीत निघालेली ही विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुन्हा उडण्याजोगी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तशाच अवस्थेत कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, हे वाचून आजही पोटात गोळा येतो. १९४८ पासून ती हवाई दलात आली आणि थेट १९६८ पर्यंत टिकली, शेवटी समुद्रावरच्या टेहळणीसाठी. त्यामुळे विषय निवडल्याबद्दल निर्मात्याला पूर्ण गुण.

दिसायलाही विमान देखणं आहे. लांब, अरुंद डेव्हिस पंख (टोकापासून टोकापर्यंत साडेतेहतीस मीटर), दुहेरी शेपूट, रिव्हेटच्या रांगा, उडालेला रंग, सगळं मन लावून केलंय. सोबतच्या टिपणात लिहिलंय, ‘कमाल वेग खऱ्या विमानाइतका.’ मी तपासलं. साडेसात हजार मीटरच्या आसपास ताशी ४६५ किलोमीटर. पुस्तकांतला आकडाही जवळपास तोच. इथेच मला शंका आली. चार इंजिनांच्या, बाराशे-बाराशे हॉर्सपॉवरच्या धुडाचा एवढा नेमका जुळणारा आकडा बहुतेक वेळा जुळवलेला असतो!

मग ज्या आकड्याकडे निर्मात्याने पाहिलं नसेल, असा आकडा शोधला. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग. उंची, फ्लॅप, इंधन तेच ठेवलं तर हा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. बारावीचं गणित आहे. बॉम्ब नसताना विमान साधारण २२ टन भरलं आणि स्टॉल आला १६० ला. ३६०० किलोचे बॉम्ब चढवले की वजन २५.६ टन, म्हणजे वेग १७३ च्या आसपास यायला हवा. आला १६०. पाच वेळा केलं. माझ्या वाचनात दोन किलोमीटरचा मागेपुढे फरक पडत होता, पण तेराचा नाही. ही दोनची नोंद आधी केली नसती तर तेराला काही अर्थच उरला नसता, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येतो.

या ॲड-ऑनच्या बऱ्याच फाइली नोटपॅडमध्ये उघडतात. बॉम्बच्या वजनाच्या जागी शून्य! स्फोट होतो, आवाज येतो, पण पोटात काहीच नाही. बॉम्बर विमानाचं सगळं जगणंच ओझ्याभोवती फिरतं. धावपट्टी किती लागणार, किती उंच जाणार, इंधन कमी घ्यायचं की बॉम्ब, हे सगळं ओझं ठरवतं. इथे नेमकं तेच गाळलंय. नकाशा सुंदर काढला आणि नदी काढायची राहिली, तसं.

पेटची तयारी करणाऱ्या मुलांचे मेल येतात, ‘दादा, माझं मॉडेल डेटाशी ९८ टक्के जुळतं.’ कोणत्या डेटाशी? ज्यावर बसवलं त्याच? मग ते या लिबरेटरच्या कमाल वेगासारखं झालं. (मीही एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये हेच केलं होतं. आलेख इतका गुळगुळीत होता की कुणी विचारलंच नाही.)

निर्मात्यावर राग नाही. फुकट दिलंय, आणि फाइली उघड्या ठेवल्यात म्हणून तर चूक सापडली. टिपणात आकड्यांचा उगम मात्र द्यायला हवा होता.

काल रात्री शून्याच्या जागी खरं वजन घातलं. आधी विमान अर्ध्या धावपट्टीत उठायचं, आता शेवटच्या टोकापर्यंत जमीन सोडेना. समुद्रावर जाऊन बॉम्ब सोडले तसं ते अचानक वर उसळलं, आणि ट्रिम सावरताना माझा हात खरंच घाईला आला.