नामशेष प्रजातींचे पुनरुज्जीवन : एका दाव्याची चिकित्सा
(विदर्भातील गिधाडांच्या विशेष संदर्भात)

विषयप्रवेश :
एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकन कंपनीने दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झालेला 'डायर वुल्फ' हा लांडगा पुन्हा जन्मास घातल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात करड्या लांडग्याच्या पेशीतील १४ जनुकांत २० बदल करून ही पिल्ले कुत्रीच्या गर्भाशयात वाढविण्यात आली होती. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुल तज्ज्ञगटाने त्यांना डायर वुल्फ मानण्यास नकार दिला. तेव्हा 'पुनरुज्जीवन' ही संज्ञाच तपासणे क्रमप्राप्त ठरते. रूपसाम्य पाहून जुने नाव देणे हे बारसे झाले, पुनर्जन्म नव्हे.

याआधीचा दाखला अधिक बोलका आहे. बुकार्डो या स्पेनमधील रानबकरीची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये मेली. तिच्या गोठविलेल्या पेशींपासून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. त्या एका जन्मासाठी अनेक माद्यांच्या गर्भाशयांत भ्रूण ठेवावे लागले होते. त्या माद्यांच्या यातनांचा विचार यशाच्या चर्चेत क्वचितच होतो.

पर्यावरणीय बाजू :
प्राणी परत आला तरी त्याचे भक्ष्य, त्याला शिकारीचे धडे देणारा कळप आणि त्याचा अधिवास परत येत नाही. विदर्भात हे पडताळून पाहता येते. येथील गिधाडे नामशेष झालेली नाहीत, केवळ दुर्मीळ झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ती मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झाले व २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे २०२४ मध्ये पिंजोर (हरियाणा) येथील केंद्रात वाढलेली गिधाडे नागपूर जिल्ह्यातील पेंच व चंद्रपूरच्या ताडोबा येथे आणून सोडण्यात आली. त्यांपैकी काही लवकरच मेली. ताडोबातील एक तर थेट तमिळनाडूत पोहोचले आणि तेथे विजेच्या धक्क्याने गतप्राण झाले. जात तीच, देश तोच, तज्ज्ञांची देखरेखही होती; तरीही ही गत. मग हजारो वर्षांपूर्वीच्या प्राण्याला आजच्या रानात सोडण्याची भाषा कोणत्या आधारावर केली जाते?

खरा धोका धोरणाचा आहे. डायर वुल्फच्या घोषणेपाठोपाठ अमेरिकेचे अंतर्गत व्यवहार मंत्री डग बर्गम यांनी या तंत्राचे स्वागत करताना संकटग्रस्त प्रजातींच्या यादीच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले. प्राणी पुन्हा घडविता येतो असे एकदा ठरले, की त्याला मारणारे कारण दूर करण्याची निकड उरत नाही. आपल्याकडे तर ही निकड मुळातच मंद आहे : गिधाडांना तितक्याच घातक असलेल्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.