एका भगुन्याचे सौंदर्यशास्त्र

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वाटी-चमच्याचे माप या पुस्तकाने घरोघर रुजवले. नव्याने संसार मांडणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला त्याचा मोठा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाटी हे मापही निष्पाप नसते. घरात वाट्या आहेत, कढई वेगळी, पातेले वेगळे, झाकणी वेगळी, हे सारे तिच्यामागे गृहीत धरलेले असते. ज्या घरात एकच भगुने आहे, त्या घराने हे पुस्तक कसे वाचावे?

आमच्या घरी एक तवा, एक जर्मनचे भगुने, एक परात आणि एक तांब्या एवढाच संसार होता. माय भगुन्यात डाळ शिजत ठेवी. झाकण नव्हते, म्हणून वर परात ठेवून तिच्यात पाणी ओती. वाफेने ते पाणी तापे. डाळीत कमी पडले तर त्यातलेच घाली आणि उरलेल्यात ज्वारीचे पीठ मळी. ज्वारीच्या पिठाला ऊन पाण्याशिवाय चिकटा येत नाही. म्हणजे एका जाळावर तिची दोन कामे होत. पाटा-वरवंटा नव्हता. मिरची, लसूण, मीठ तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडले की ठेचा तयार. मग धुतलेल्या परातीत डाळ ओतली जाई आणि आम्ही भावंडे भाकरी घेऊन तिच्याभोवती बसू.

पुढे मी शिक्षक झालो. व्याख्यानांतून हे 'मायचे कसब' म्हणून सांगू लागलो. दलित स्त्रीची सर्जनशीलता वगैरे शब्द वापरी. टाळ्या पडत. एकदा माय समोर बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "कसब कशाचं रे बाबा? दुसरं भगुनं नव्हतं. असतं तर माझ्या वाट्याची डाळ त्यात राखली असती. तुम्ही उठल्यावर परात पुसून खाल्ली नसती."

माझी सारी समीक्षा तिथेच उताणी पडली.

भांड्यांची ही वाण केवळ गरिबीची नव्हती. चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे, अशी आज्ञा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. पैसा आला म्हणून ही आज्ञा सुटत नाही. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) गुजरातेतील एका गावची हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. भांडे विकत घेण्याची ऐपत होती. वापरण्याची मुभा नव्हती. तेव्हा 'कमी साधनांत भागवणे' हा गुण म्हणून गौरवताना, साधने कमी का आणि कोणी ठेवली, हे विचारलेच पाहिजे.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'चे (२०१५) मोल मला इथे वाटते. मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न त्यांनी इतिहासासह नोंदवले. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या ही नुसती पाककृती नाही. मिळेल त्या दिवशी पुरवून ठेवण्याची ती सक्तीची तजवीज आहे. पुस्तकाचे नावच पूर्णब्रह्माचा दावा खोडून काढते.

आमच्या समीक्षेने आत्मकथनांतील भुकेवर पुष्कळ लिहिले. पण भूक भागवणाऱ्या हातांच्या श्रमांवर फारच थोडे लिहिले, आणि लिहिले तेव्हा त्या श्रमांचे कौतुक करून मोकळे झालो. हा दोष माझाही आहे. म्हणून आता वर्गात आत्मकथन शिकवताना स्वयंपाकाचा प्रसंग आला की मी थांबतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो: या घरात शेवटी कोण जेवले, आणि कशात?