संगणकप्रणालींची तुलना आणि ‘ल’, ‘श’ची कसोटी

मुक्त आणि मालकीच्या संगणकप्रणालींची आपल्याकडची चर्चा बहुधा दोन मुद्द्यांभोवती फिरते. एक फुकट, दुसरी विकत; एकीला व्हायरसचा त्रास कमी, दुसरीला जास्त. यातला पहिला मुद्दा आमच्या भागात टिकत नाही. वडीगोद्रीत मी हाताळलेल्या बहुतेक जुन्या संगणकांत विंडोजची प्रत जुळणी करणाऱ्यानेच टाकून दिलेली होती. परवान्याचे पैसे कोणी मोजले नव्हते. जिथे दोन्ही फुकट, तिथे ‘फुकट’ हा कोणा एकीचा गुण कसा ठरेल? म्हणून मी वेगळी कसोटी घेतो : मराठी मराठीसारखी लिहिता येते का, आणि लिहिलेले वीस वर्षांनी वाचता येते का?

दुसऱ्या प्रश्नाचा अनुभव कडू आहे. 2003 साली गावातल्या वृद्धांच्या आठवणी मी एका डीटीपी केंद्रात टंकून घेतल्या. आज ती फाईल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्या काळचे बहुतेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. फॉन्ट गेला की मजकूर गेला. मी बरीच वर्षे याचा दोष विंडोजला देत होतो. तो चुकीचा होता. तीच फाईल लिनक्सवरही कचराच दाखवते. इस्की हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही 1991ची. मानक होते, आपण ते वापरले नाही.

मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली. जोडाक्षरे जुळवण्याचे ओपनटाईप हे तंत्र मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांचे. लिनक्सवर अक्षरजुळणी करणारे मुक्त हार्फबझही तेच नियम पाळते. म्हणजे मुक्त घराच्या पायात मालकीच्या कंपन्यांचा दगड आहे. तो वापरता आला, कारण त्याचे नियम प्रसिद्ध झाले होते.

मग फरक कुठे? ‘ल’ आणि ‘श’ पाहा. मंगलमध्ये ही अक्षरे हिंदी वळणाने आली. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण ठरवले, पण मंगलच्या वापरकर्त्याला तो फॉन्ट स्वतः दुरुस्त करण्याची मुभा नव्हती; कंपनीची वाट पाहणे एवढेच हाती होते. उलट रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिलेल्या लोहित फॉन्टांत मराठीसाठी स्वतंत्र लोहित मराठी होता, आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणालाही होता.

परंतु अधिकार असणे आणि हात असणे यांत अंतर आहे. मुक्त प्रणालींचे मराठीकरण मूठभर स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले. केरळने सरकारी शाळांत लिनक्स नेले आणि ती हाताळणारी पिढी घडवली. आपण एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लाखो लोकांना संगणकापाशी बसवले. हे काम मोठेच. पण ‘संगणक शिकणे’ म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणे, हा समजही त्यातूनच पक्का झाला. दुरुस्तीचा अधिकार ज्याला ठाऊकच नाही, तो बजावणार कसा?

हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित आधार संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागते, त्यामुळे खेड्यांतले अनेक चालू संगणक अधिकृतपणे त्या रांगेत बसत नाहीत. असे यंत्र भंगारात घालण्याआधी त्यावर लिनक्स चालवून पाहावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून आधी मात्र जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मी माझ्या फाईलसाठी कोणत्या रोमन खुणेमागे कोणते अक्षर दडले आहे याचा तक्ता हाताने केला. निम्म्याहून अधिक पाने परत मिळाली. आठवणी सांगणाऱ्यांपैकी आज कोणी हयात नाही. उरलेल्या पानांबद्दल विचारायला माणूस नाही, फक्त तक्ता आहे. प्रणाली बदलता येते. सांगणारा बदलून मिळत नाही.