काष्ठनौकांच्या लघुप्रतिकृती आणि ऐतिहासिक अचूकतेचा निकष

शिडाच्या ऐतिहासिक जहाजाची लाकडी लघुप्रतिकृती घडविणे म्हणजे गतकाळाविषयी एक विधान करणे होय. त्यामुळे अशा प्रतिकृतीची समीक्षा करताना कारागिरीबरोबरच तिच्यामागील पुराव्याचाही विचार होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे हा मुद्दा तपासला आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडच्या ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृती या क्षेत्रात आदर्श मानल्या जातात. त्यांपैकी अनेक १:४८, म्हणजे एका फुटास पाव इंच, या प्रमाणात आहेत. तळाच्या बाजूच्या फळ्या न बसविल्याने त्यांचा आतील सांगाडा दिसतो. तथापि हा सांगाडा बहुधा प्रतिकृतिकारांच्या संकेतानुसार रचलेला असे. गोदीतील प्रत्यक्ष बांधणी त्याहून भिन्न होती. समकालीन वस्तूही निर्विवाद पुरावा ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचे आहे. ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढण्यात आली. मूळ नौकाच उपलब्ध झाल्याने तिच्या प्रतिकृतीत शंकेला जागा उरू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिल्पांची पार्श्वभूमी निळी असावी असा दीर्घकाळ समज होता. १९९० च्या दशकात रंगांच्या अवशेषांची सूक्ष्म तपासणी झाली, तेव्हा ती तांबडी असल्याचे आढळले. परिणामी, निळ्या रंगातील पूर्वीच्या प्रतिकृती कितीही कुशलतेने घडविलेल्या असल्या, तरी इतिहासदृष्ट्या सदोष ठरल्या.

याचा अर्थ अचूकतेचा आग्रह सोडावा असा नव्हे. प्रतिकृतीतील कोणता भाग पुराव्यावर, कोणता अनुमानावर आणि कोणता केवळ कल्पनेवर आधारलेला आहे, याची नोंद तिच्यासोबत असणे हाच अचूकतेचा खरा निकष मानावा लागेल. पॉलिश केलेले लाकूड आणि रेखीव दोरखंड पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा भेद आपण होऊन कळत नाही.

मराठा आरमारातील गुराब व गलबत यांच्या प्रतिकृतींना तर हा निकष अधिकच काटेकोरपणे लावला पाहिजे. कारण तेथे ‘वासा’सारखी संपूर्ण नौका अभ्यासकासमोर नाही. अभिमानाने घडविलेल्या प्रतिकृतीत अनुमानाची प्रांजळ कबुली असेल, तर तिचे मोल कमी न होता वाढेलच.