निर्जंतुकीकरणगृहातील वायुमापन : आठ तासांच्या सरासरीची चिकित्सा

शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक झाली की नाहीत याची परीक्षा करण्याच्या अनेक कसोट्या वैद्यकशास्त्राने सिद्ध केल्या आहेत. ती निर्जंतुक करणाऱ्या माणसाच्या छातीत काय गेले याची परीक्षा मात्र बहुधा एकाच आकड्यावर सोपविली जाते, आणि तो आकडा म्हणजे आठ तासांची सरासरी. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील रुग्णालयांसारख्या लहान संस्थांत ही सरासरी कितपत विश्वसनीय ठरते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लोखंडी अवजारे व कापड दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होतात. प्लॅस्टिकच्या नळ्यांसारख्या उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी एथिलीन ऑक्साइड हा वायू वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १०.७ अंश सेल्सिअस असल्यामुळे आपल्याकडील कोणत्याही खोलीत तो वायुरूपच असतो. सूक्ष्मजंतूंची प्रथिने व जनुकद्रव्य यांना चिकटून तो त्यांचा नाश करतो, आणि मानवी पेशींच्या जनुकद्रव्याशीही तो तसाच संयोग पावतो. जंतुनाशक गुण व विषारी गुण हे येथे वेगळे नाहीत. एकाच रासायनिक क्रियेची ती दोन नावे होत.

या वायूचा दुसरा अवगुण असा की तो धोक्याची सूचना देत नाही. जुन्नर तालुक्यात निर्यातीच्या द्राक्षपेट्यांत गंधक डायऑक्साइड सोडणारे कागद घालतात. त्या वायूचा उग्र दर्प अल्प प्रमाणातही जाणवतो, व माणूस आपोआप तोंड फिरवितो. एथिलीन ऑक्साइडचा किंचित गोडसर वास हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे काही शे भाग झाल्यावरच बहुतेकांना कळतो. अमेरिकेत ठरलेली मर्यादा दशलक्षांत एक भाग आहे. म्हणजे नाकाला साक्षी मानावे, तर साक्ष येईपर्यंत मर्यादा शेकडो पटींनी ओलांडलेली असते. ‘वास येत नाही, तेव्हा काळजी नाही’ ही समजूत म्हणूनच घातक होय.

या वायूविषयीचा पुरावा जुना आहे. १९७९ साली स्वीडनमधील होग्स्टेट व त्यांचे सहकारी यांनी रुग्णालयीन साहित्य निर्जंतुक करणाऱ्या एका लहान कारखान्यातील रक्तकर्करोगाचे तीन रोगी नोंदविले. इतक्या थोड्या कामगारांत एकही रोगी अपेक्षित नव्हता. त्यांपैकी दोघी यंत्रावर नसून निर्जंतुक मालाच्या कोठारात काम करीत होत्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्लॅस्टिक हा वायू शोषून घेते व पुढे कित्येक तास सोडीत राहते. १९८२ साली फिनलंडमधील हेमिंकी व सहकारी यांना, रासायनिक निर्जंतुकीकरणाचे काम गरोदरपणी करणाऱ्या रुग्णालयीन स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण १६.७ टक्के, तर ते काम न करणाऱ्यांत ५.६ टक्के आढळले. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एथिलीन ऑक्साइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले.

आता मर्यादेकडे वळू. अमेरिकन शासनाने १९८४ साली आठ तासांच्या सरासरीची मर्यादा पन्नास भागांवरून एका भागावर आणली. अल्पकाळाची वेगळी मर्यादा मात्र तेव्हा वगळली. त्याविरुद्ध दाद मागितली गेली. १९८६ साली न्यायालयाने तो भाग फेरविचारासाठी परत पाठविला, आणि १९८८ साली पंधरा मिनिटांसाठी पाच भागांची मर्यादा जोडण्यात आली. हा वाद केवळ कायद्याचा नव्हता. एखादी कामगार स्त्री यंत्राचे दार उघडते व पंधरा मिनिटे दशलक्षांत ३२ भागांच्या हवेत श्वास घेते. उरलेला सारा दिवस ती स्वच्छ हवेत असते. ३२ ला १५ ने गुणून ४८० मिनिटांनी भागिले असता उत्तर बरोबर एक येते. सरासरी मर्यादेत राहिली, परंतु अल्पकाळाची मर्यादा सहा पटींहून अधिक ओलांडली गेली.

हे गणित मोठ्या कारखान्यापेक्षा तालुक्याच्या गावी अधिक फसवे ठरते. मंचर, घोडेगाव, नारायणगाव व जुन्नर येथील सरकारी रुग्णालये, तसेच पुणे–नाशिक मार्गालगतची लहान खासगी रुग्णालये डोळ्यांसमोर आणावीत. अशा ठिकाणी केवळ निर्जंतुकीकरणासाठी स्वतंत्र माणूस ठेवणे सहसा परवडत नाही. जिला सारे रुग्णालय ‘मावशी’ म्हणते तीच फरशी पुसते, रुग्णाला हात देते आणि मध्येच दहा मिनिटे यंत्राजवळ जाऊन येते. तिच्या दिवसाची सरासरी काढली की फरशी पुसण्याचे तास वायूच्या मिनिटांना पातळ करतात. रुग्णालय जितके लहान, तितकी सरासरी गोजिरी दिसते. जेथे असे यंत्र नाही, पण शस्त्रक्रियागृहात फॉर्मलिनची धुरी देण्याची जुनी रीत चालू आहे, तेथेही हेच लागू पडते. फॉर्माल्डिहाइड २००४ सालापासून त्याच पहिल्या गटात आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमेरिकेतील चौदा कारखान्यांतील सुमारे अठरा हजार कामगारांच्या पाहणीत (२००४) कर्करोगाचा संबंध आयुष्यभराच्या एकत्रित मात्रेशी तपासला गेला. एकूण मृत्यूंत वाढ दिसली नाही. जेथे संबंध दिसला तेथे तो अधिक मात्रा घेतलेल्यांतच दिसला. मग सरासरी पुरेशी का म्हणू नये? याचे उत्तर असे की एकत्रित मात्रा रोगाचा अंदाज करण्यास उपयोगी पडते, परंतु काय सुधारावे हे ती सांगत नाही. ती मात्रा दार उघडताना जमली, कुपी बदलताना जमली, की पुरेसा वारा न दिलेल्या नळ्या कपाटात ठेवताना जमली, हे सरासरीतून निघत नाही. साठ अंश उष्णतेवर सुमारे आठ तास व पन्नास अंशांवर बारा तास वारा द्यावा, असा संकेत आहे. मध्येच वीज गेली आणि घाईने दार उघडले, तर त्या दिवशीची मिनिटेच निर्णायक ठरतात.

कायद्याची मदतही येथे तोकडी पडते. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात विषारी द्रव्यांच्या मर्यादांचे परिशिष्ट आले. त्यात आठ तासांचा व पंधरा मिनिटांचा असे दोन्ही रकाने होते; परंतु ते कारखान्यांसाठी होते. व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० सालच्या संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापना कवेत घेतल्या, तरी पाच-सात माणसांचे रुग्णालय सामान्यतः त्या उंबरठ्याबाहेरच राहते. जेथे निरीक्षक पोचत नाही, तेथे अभ्यासकाने पोचले पाहिजे.

असा अभ्यास हाती घेणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. एक, नमुना भिंतीजवळ न घेता काम करणारीच्या गळपट्टीवर, नाकातोंडाजवळ घ्यावा. दोन, दिवसभराच्या बिल्ल्याबरोबर दार उघडणे, कुपी बदलणे व सामान हलविणे या प्रत्येक कृतीचा पंधरा मिनिटांचा वेगळा नमुना घ्यावा. त्यात रात्रपाळी व वीज गेलेला दिवसही यावा. तीन, निष्कर्ष प्रबंधात जाण्यापूर्वी त्या मावशीला तिच्या भाषेत सांगावा. मापनाआधी पर्यायाचा विचार व्हावा हे तर उघडच आहे. तुर्भे येथील आयसोमेड केंद्रात १९७४ पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होऊ लागले. असे तयार साहित्य जितके वापरात येईल, तितकी वायूची गरज घटेल. उरलेल्या गरजेपुरता आपला आग्रह एवढाच असावा की, ज्या मिनिटांत धोका आहे त्याच मिनिटांचे माप घेतले जावे.